घळीतला ठिपका

आमच्या संग्रहालयाच्या कीटक विभागात एकेचाळीस हजारांहून जास्त चिठ्ठ्या एकाच हातच्या आहेत. ज्यांचा तो हात, त्यांना आम्ही सगळे चिठ्ठीबाई म्हणायचो, अगदी तोंडावरसुद्धा. त्यांना राग यायचा नाही. "किड्यांना त्यांची नावं चिकटतात, मला माझं चिकटलं," म्हणायच्या आणि परत भिंगात डोळा घालायच्या.

मी भिंतीपलीकडच्या पक्षी विभागात होतो. बावीस वर्षं आमचा दुपारचा डबा एकत्र. त्यामुळे पुढचं जे सांगतो आहे, त्यातलं काही मी डोळ्यांनी पाहिलं आणि बाकीचं त्यांनीच नंतर, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं.

त्यांचं काम ऐकायला सोपं होतं. जंगलातून काचेच्या नळ्यांमध्ये किडे यायचे. प्रत्येक नळीत कागदाचा एक कपटा असायचा. हा कुठे सापडला, कधी, कोणाला, एवढं त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं. किडा काढायचा, कार्डाच्या टोकदार तुकड्यावर डिंकाच्या थेंबात बसवायचा, टाचणी मारायची आणि खाली नखाएवढ्या चिठ्ठीवर तोच मजकूर शाईने उतरवायचा. "चिठ्ठी नसलेला किडा म्हणजे झाडून टाकायचा कचरा," असं त्या नव्या माणसांना पहिल्याच दिवशी सांगायच्या. त्या लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत. मोठी बहीण आणि तिची मुलगी यांच्या घरात वरच्या खोलीत राहायच्या, आणि घरातल्या डब्यांवर, बरण्यांवर, औषधांच्या बाटल्यांवरही चिठ्ठ्या लावायच्या. "उद्या मला पण लावशील," असं ताई म्हणायच्या.

त्या भाचीला घरात बारकी म्हणत. शाळा सुटली की बारकी मावशीच्या टेबलाखाली येऊन बसायची. पुढे टेबलाखालून टेबलावर आली, आणि पुढे त्याच विषयात पदवीवर पदवी घेऊन संशोधक झाली. तिच्या प्रबंधाचा विषय होता एक भुंगेरा. तिळापेक्षाही लहान, गंजलेल्या खिळ्याच्या रंगाचा, पाठीवर बारीक केसांच्या ओळी. मेलेल्या झाडांच्या खोडावर जी बुरशी उगवते, तिच्यात तो राहतो, तिलाच खातो. तो कुठे कुठे राहतो आणि का, हे बारकीला शोधायचं होतं.

नकाशावर त्याचे चारच ठिपके होते. तीन दक्षिणेकडे, एकमेकांना खेटून. चौथा पार उत्तरेला, डोंगरातल्या एका घळीत, त्या तिघांपासून दोन दिवसांच्या वाटेवर. मधली सगळी जागा कोरी. दक्षिणेच्या तीन जागांपैकी एकीवर बाजार उभा राहिला होता, दुसरीतली पडकी झाडं उचलून तिथे सरळ रांगांमध्ये नवी रोपं लावली होती. उरलं होतं ते एका बंद पडलेल्या कागद गिरणीमागचं रान. आणि उत्तरेची घळ.

बारकीच्या प्रबंधातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण त्या चौथ्या ठिपक्यावर होतं. पूर्वी कधीतरी जंगल सलग असेल, मधला पट्टा तुटला आणि हा इवलासा प्राणी दोन टोकांना अडकून राहिला, असं तिचं म्हणणं. लोकांना ते पटलं होतं. मावशींनी मात्र ते प्रकरण वाचायला घेतलं त्या दिवशी त्या भरल्या ताटावरून उठल्या. ताईंना वाटलं, पोट बिघडलं असेल.

पोट बिघडलं नव्हतं. खाई त्याला खवखवे, तसं झालं होतं.

एकतीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच वर्षी, त्यांच्या हातून नळ्यांचा खोका सुटला होता. विभागप्रमुख सर दोन फेऱ्या करून आले होते, एक घळीची, एक दक्षिणेची. खोका फरशीवर आदळला, दोन नळ्यांची बुचं उडाली, आणि किडे नळीत राहिले तरी आतले दोन कपटे बाहेर येऊन स्पिरिटच्या थारोळ्यात पडले. एकावर घळ, एकावर गिरणीचं रान. कोणता कुठला? एका नळीत हे गंजाच्या रंगाचे सहा भुंगेरे होते, दुसरीत काळपट, नेहमीचे, कुठेही सापडणारे. सर बाहेर जिन्यावर बोलत होते. सरांचा राग म्हणजे आग. आदल्याच आठवड्यात त्यांनी एकाला एका फुटक्या काचेवरून घरी पाठवलं होतं. तेवीस वर्षांच्या त्या मुलीने दोन्ही कपटे उचलले, पुसले आणि अंदाजाने दोन्ही नळ्यांत सारले. सर आत आले तेव्हा ती फरशी पुसत होती. "काय सांडलं?" "थोडं स्पिरिट, सर."

महिनाभरात सरांचा लेख छापून आला. गंजाच्या रंगाचा भुंगेरा उत्तरेत! मग सांगायची वेळच निघून गेली.

त्यांनी मला नंतर सांगितलं, "खोटंच आहे हे ठाऊक असतं, तर कदाचित मी बोलले असते. पण ते खरंही असू शकत होतं ना. निम्मी शक्यता. त्या निम्म्या शक्यतेवर मी एकतीस वर्षं काढली."

आणि मग घळीतून रस्ता न्यायचं ठरलं. झाडं तोडायची, कडा फोडायचा. विरोध करणाऱ्यांनी सुनावणी मागितली. त्यांच्याकडे तीन मुद्दे होते, पण वजनाचा एकच: हा भुंगेरा. साक्ष बारकीची. पलीकडचे लोक साहजिकच विचारणार होते, बाई, हा प्राणी तुम्ही स्वतः घळीत पाहिला आहे का? बारकी चार हिवाळे घळीत जाऊन आली होती. एकदाही सापडला नव्हता. "नाही सापडला म्हणजे नाही असं नव्हे," ती म्हणायची, पण आता तिच्या आवाजात धार आली होती. सुनावणीला अकरा दिवस उरले होते तेव्हा ती पाचव्यांदा निघाली. या वेळी मावशीही तिच्याबरोबर निघाल्या.

"तू कशाला? गुडघे धरतात तुझे."

"चाळण धरायला दोन हात जास्तीचे."

दोन दिवस त्यांनी बुरशी चाळली. पांढरं कापड अंथरायचं, बुरशी खोडावरून अलगद सोडवायची, चाळणीतून कापडावर झाडायची, आणि वाकून बघत बसायचं. माती, कोळी, गोमी, कुजकं लाकूड. तो नाहीच. तिसऱ्या दिवशी सकाळी बारकीला कड्याच्या तोंडाशी एक उभं मेलेलं झाड दिसलं. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत बुरशीचे काळे कडक कान. मुळं अर्धी हवेत, खाली सत्तर-ऐंशी हातांचा उतार आणि दगड.

"तिथे नको," मावशी म्हणाल्या.

"एवढंच राहिलंय, मावशी. असेल तर इथेच असेल."

"बारके, मी सांगते ना, नको!"

तिने ऐकलं नाही. बुंध्याशी कापड अंथरून, एका हाताने खोड धरून ती बाहेरच्या बाजूला झुकली. सुरीचं पातं बुरशीखाली घातलं. मावशींनी आधी आवाज ऐकला, ओलं कापड फाडल्यासारखा. ती धरून होती ती साल खोडावरून सुटली होती, गालिच्यासारखी. बारकी साल हातात घेऊनच घसरली. मावशींनी झेप घेतली की त्या नुसत्याच पडल्या, त्यांना आठवत नाही. त्यांच्या हाताला बारकीच्या पिशवीचा पट्टा लागला. पट्टा ताणला गेला. त्या पालथ्या पडून, हनुवटी मातीत रुतवून, दोन्ही हातांनी तो धरून राहिल्या. बारकीचे पाय खाली आधार शोधत खडे उडवत होते, आणि ते खडे खाली पोचायला किती वेळ लागतो आहे हे मावशींना ऐकू येत होतं.

"मावशी, सोडू नकोस."

"बोलू नकोस. डावीकडे मूळ आहे. डावीकडे!"

तिला मूळ सापडलं. वर येईपर्यंत तिचा खांदा निखळला होता आणि मावशींच्या तळहातांची सालं निघाली होती. दोघी झाडापासून लांब, चिखलात बसल्या. बारकी हसायला लागली, रडण्याच्या जवळचं हसणं. मग तिने चांगल्या हाताने कापडाकडे बोट दाखवलं. "तेवढं बघ ना. ती बुरशी पडली असेल कापडावर."

चिठ्ठीबाई कापडाकडे वळल्या, पण डोक्यात एकच होतं. ही पोरगी आत्ता मेली असती. आणि कशासाठी? माझ्या एका अंदाजासाठी.

कापडावर तो नव्हताच. मनातलं त्या तिथे बोलल्या नाहीत. उतरताना बोलल्या नाहीत, दवाखान्यात खांदा बसवताना बोलल्या नाहीत. घरी पोचल्यावर, ताई स्वयंपाकघरात असताना, त्यांनी बारकीच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. खोका, बुचं, थारोळं, दोन कपटे.

बारकी पलंगावर बसली होती, हात गळ्यात अडकवलेला.

"म्हणजे तो ठिपका खोटा आहे."

"माहीत नाही. खरा असेल, नसेल."

"मी चार वर्षं त्याच्यावर उभी आहे, मावशी. माझा प्रबंध, माझं नाव, सगळं. चार वर्षं तू रोज माझ्यासमोर जेवायला बसत होतीस." तिचा आवाज चढला नव्हता, आणि तेच जास्त लागत होतं. "आज का सांगितलंस? कालपर्यंत का नाही?"

"काल पट्टा तुटला असता तर कोणाला सांगणार होते?"

"बाहेर जा."

त्या बाहेर गेल्या. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ताईंनी विचारलं तर काय सांगणार? रात्री जेवताना ताईंनी दोनदा दोघींकडे पाहिलं आणि मीठ पुढे सरकवलं.

पण चिठ्ठीबाई नुसत्या पश्चात्ताप करत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्या सरांच्या घरी गेल्या. सर सत्त्याऐंशीचे होते, डोळे जवळजवळ गेलेले, पण पाठ ताठ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग खुर्चीच्या हातावर मूठ आपटली.

"एवढीशी गोष्ट! त्याच दिवशी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही मला काढून टाकलं असतं, सर."

सरांनी मूठ उघडली. म्हणाले, "हो. टाकलं असतं." मग भिंतीकडे हात केला. "वरून तिसरा कप्पा. त्या वर्षीची वही हिरवी आहे."

वहीत सापडलं ते हे. घळीत सरांनी एकच नळी भरली होती, काळ्या कडक बुरशीतून. गिरणीच्या रानातली नळी पांढऱ्या पातळ बुरशीतून, पानांसारखी एकावर एक वाढणारी. कुठल्या नळीत कोणता किडा, ते वहीत नव्हतं. ते कपट्यांवर सोडलं होतं. चिठ्ठीबाई दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. किडा बुरशी खातो. जे खातो ते पोटात राहतं. एकतीस वर्षं सुकला तरी राहतं.

त्या थेट बारकीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "माझ्याशी बोलू नकोस. पण हे ऐक. काळ्या बुरशीचे बीजाणू वेगळे, पांढरीचे वेगळे. दोन्ही नळ्यांतला एक एक किडा उघड."

बारकीने मान वर केली. ती रागावलेली होती, पण ती मावशीच्याच टेबलाखाली वाढली होती.

मी त्या दुपारी तिथे होतो. सुनावणीला पाच दिवस होते. बारकीचा उजवा हात कामाचा नव्हता, त्यामुळे किडा मावशींनीच कोमट पाण्यात मऊ केला, सोललेल्या तळहातांनी, अंगठ्याला पट्टी गुंडाळून. तिळाहून लहान जीव. त्याचं पोट सुईने उघडायचं. आधी गंजाच्या रंगाचा. थेंब काचेवर, काच मायक्रोस्कोपखाली. त्यांनी डोळा लावला नाही. खुर्ची मागे ओढली आणि बारकीला जागा दिली.

बारकीने चाक फिरवलं, थांबली, परत फिरवलं.

"रंग नाही," ती म्हणाली. "आरपार दिसतायत. लांबट, जरा वाकलेले, काकडीसारखे. पांढरी बुरशी."

"दुसरा बघ."

दुसरा, तो काळपट. या वेळी तिला वेळ लागला नाही. "तपकिरी. जाड भिंतीचे. एक टोक कापल्यासारखं." ती उठली. "घळीतला हा आहे. आपला भुंगेरा गिरणीच्या रानातला. तो घळीत कधी नव्हताच."

निम्मी शक्यता संपली. चिठ्ठीबाईंचा चेहरा मी पाहिला. मला वाटलं, त्यांना सुटल्यासारखं वाटेल. तसं काही नव्हतं. त्यांनी सुया पुसून डबीत ठेवल्या, एक एक करून.

"साक्ष मी मागे घेते," बारकी म्हणाली. "लेखी कळवते. तुझं नाव घालत नाही."

"नाही. चूक माझी आहे, तोंडही माझंच हवं."

"मावशी, ते तुला फाडून खातील."

"खाऊ देत."

सुनावणी एका शाळेच्या सभागृहात होती. बाकं लहान, माणसं मोठी. पुढच्या रांगेत घळ वाचवायला आलेले लोक बसले होते, कोणी सहा महिने सह्या गोळा करत हिंडलेले. चिठ्ठीबाई त्यांच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि खोक्यापासून बीजाणूंपर्यंत सगळं सांगितलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. मागून कोणीतरी म्हणालं, "घरभेदी!" एक म्हातारे गृहस्थ उठून बाहेर निघून गेले. जाताना त्यांनी दार आपटलं नाही, हळू लोटलं. ते आपटलं असतं तर बरं झालं असतं, असं त्या नंतर म्हणाल्या.

रस्त्याच्या बाजूचे वकील उठले. कोट ठीकठाक केला. "फार प्रामाणिक आहात, बाई. मग मला सांगा, तुम्ही म्हणे एकेचाळीस हजार चिठ्ठ्या लिहिल्यात. त्यातली एक खोटी निघाली. बाकीच्यांवर आम्ही का विश्वास ठेवावा? तुमचं सगळं संग्रहालयच अंदाजपंचे आहे असं म्हणू का?"

आमच्या संचालकांच्या तोंडचं पाणी पळालं. मी माझे हात मांडीखाली घातले.

चिठ्ठीबाई वकिलांकडे वळल्या. "म्हणू शकता. पण साहेब, त्या एका चिठ्ठीचा पत्ता मी विसरले नाही. कपाट नऊ, कप्पा चौदा, डावीकडून सातवी ओळ. एकतीस वर्षं रोज त्या कपाटासमोरून जाताना मला ती टोचत होती. बाकी चिठ्ठ्यांबद्दल असं काही असतं, तर त्याही मी आज सांगितल्या असत्या. आले आहेच ना."

सुनावणीच्या अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "बसा तुम्ही."

रस्ता मंजूर झाला. घळीचा वरचा अर्धा भाग त्याच उन्हाळ्यात तोडला गेला. खालचा वाचला, पण त्याचं कारण भुंगेरा नव्हे. तिथला कडा ठिसूळ निघाला आणि अभियंत्यांनीच वाट वळवली. चिठ्ठीबाईंच्या सेवापुस्तकात ताशेरा लिहिला गेला, आणि वर्षभर त्यांना शाईला हात लावायची बंदी झाली. त्या कपाटांची धूळ पुसत राहिल्या. बाजारात एकदा एका बाईने त्यांना ओळखलं आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेली. "बरोबर आहे तिचं," त्या म्हणाल्या. "ती सह्या गोळा करत होती."

बारकी चार महिने त्यांच्याशी कामापुरतंही बोलली नाही. तिने प्रबंधातलं ते प्रकरण जाहीरपणे मागे घेतलं. ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांनीच आता टोमणे मारले. पण नकाशा नव्याने काढायला बसली तेव्हा तिच्या लक्षात एक गोष्ट आली, जी तोवर कोणाच्याच आली नव्हती. चौथा ठिपका होता म्हणून हा भुंगेरा दोन दूरदूरच्या प्रदेशांत राहणारा, म्हणजे त्यातल्या त्यात सुरक्षित समजला जात होता. ठिपका पुसल्यावर उरलं एकच ठिकाण. सगळ्या पृथ्वीवर, निदान माणसाला ठाऊक असलेल्या, एकच. गिरणीमागचं रान. आणि तिथली पडकी खोडं पावसाआधी उचलून जागा साफ करायचं पत्र आधीच निघालेलं होतं. कोणी हरकत घेतली नव्हती, कारण उत्तरेला आहेच की, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

पत्रावरची तारीख तेरा दिवसांनंतरची होती.

बारकी मावशीच्या खोलीत आली. दार न वाजवता, पूर्वीसारखी. "सरांची हिरवी वही लागेल मला. आणि जुन्या तिन्ही जागांच्या चिठ्ठ्या, मूळ. उद्या सकाळपर्यंत. देशील?"

"आत्ता देते," मावशी म्हणाल्या, आणि चप्पल शोधायला लागल्या.

त्या तेरा दिवसांत दोघींनी स्थगितीसाठी कुठे कुठे खेटे घातले ते सांगत बसत नाही. दहाव्या दिवशी ट्रक रानाच्या फाटकाशी आला होता. चालकाने वेळेआधीच उचल करायची ठरवली होती. बारकी फाटकात उभी राहिली, मावशी तिच्याशेजारी, आणि दीड तास चालकाशी, मुकादमाशी आणि फोनवरच्या कोणाशी तरी वाद घालत राहिल्या. मुकादम म्हणाला, "एवढ्याशा किड्यासाठी? दिसतो तरी का तो?" मावशींनी त्याला भिंग दिलं आणि एका खोडापाशी ओणवं केलं. पांढऱ्या बुरशीच्या पानांखाली तो चालत होता. मुकादमाने बराच वेळ पाहिलं. "चालतो की हा," तो म्हणाला, आणि ट्रक मागे घ्यायला सांगितला. त्याला तसा अधिकार नव्हता. पण स्थगिती यायला आणखी दोन दिवस लागणार होते, आणि ते दोन दिवस त्याने ट्रक नादुरुस्त असल्याचं कळवलं.

आता त्या रानातलं पडलेलं खोड कोणी हलवू शकत नाही. बारकीचा नवा लेख छापून आला आहे. त्यात ठिपका एक, आणि तळटीपेत मावशींची चूक तारखेसकट. "घाल," त्यांनीच सांगितलं होतं.

चिठ्ठीबाई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. आठवड्यातून दोनदा अजून येतात, बारकीच्या नळ्या उघडतात. बारकी प्रत्येक चिठ्ठी कपट्याशी ताडून बघते, दोनदा, त्यांच्यासमोरच. मी एकदा त्यांना विचारलं, हे लागत नाही का तुम्हाला?

"लागतं," त्या म्हणाल्या. "पण बघू दे तिला."